पाटाचे पाइप करण्याआधी : नाशिकच्या एका पर्यावरण सल्लागार सेवेचे परीक्षण

दिंडोरी तालुक्यातील आमच्या पाणी वापर संस्थेने मागच्या वर्षी नाशिक शहरातील एका खासगी पर्यावरण सल्लागार संस्थेकडून परिणाम-मूल्यांकनाचे काम करून घेतले. पैसे मोजून अशी सेवा घेण्याची वेळ शेतकऱ्यांच्या संस्थांवर अजून क्वचितच येते. परंतु बंद नलिकेच्या योजना ज्या वेगाने गावोगाव निघत आहेत ते पाहता ती पुढे पुष्कळांवर येणार आहे. म्हणून काय मिळाले, काय मिळाले नाही आणि कशासाठी भांडावे लागले, ते संस्थेचा सचिव या नात्याने सविस्तर लिहीत आहे. सल्लागार संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्या कामात निघालेले बहुतेक दोष या धंद्याच्या चालीरीतीतून आलेले आहेत आणि जे गुण दिसले ते तिथल्या दोन माणसांचे आहेत; उद्या ती दोघे नोकरी सोडून गेली तर पाटीवरचे नाव पाहून काम देणारा फसेल.

काम असे होते. आमच्याकडे साडेसहा किलोमीटर लांबीची मातीची उघडी चारी, म्हणजे कालव्याचे पाणी शेतांपर्यंत नेणारा पाट, आहे. ती जागोजागी फुटते, तिच्यात गवत आणि गाळ साचतो, आणि टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळेपर्यंत आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, संपत आलेले असते. ही चारी बंद करून संपूर्ण लांबीत जमिनीखालून नलिका टाकावी आणि प्रत्येक गटाच्या तोंडाशी मोजून पाणी द्यावे, असा प्रस्ताव होता. अभियंत्याच्या हिशेबाप्रमाणे चारीत सोडलेल्या पाण्यापैकी निम्मे वाटेत मुरत होते आणि नलिकेमुळे ते सगळे ‘वाचणार’ होते. सामाजिक दायित्व निधीतून पैसे देऊ इच्छिणाऱ्या एका कंपनीने मात्र आधी पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांचा अहवाल मागितला. कायद्याने असा अहवाल आम्हाला बंधनकारक नव्हता. २७ जानेवारी १९९४ च्या पहिल्या आणि १४ सप्टेंबर २००६ च्या सध्या लागू असलेल्या केंद्राच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते, त्यांच्या यादीत आमची चारी कुठेच बसत नाही. अहवाल पाहिजे तो केवळ निधीच्या फायलीत लावायला, अशी सुरुवातीला आमचीही समजूत होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सल्लागारांनी डिसेंबरात करार केला आणि पहिला मसुदा एप्रिलच्या शेवटी दिला. एकशे शहाऐंशी पाने, चकचकीत बांधणी, मुखपृष्ठावर आमच्या चारीऐवजी कुठल्या तरी हिरव्यागार डोंगराचे चित्र. आत हवेतील धूलिकणांची मोजमापे होती, दिवसा आणि रात्री घेतलेली आवाजाची नोंद होती, मातीचे सहा नमुने होते. खाणीला किंवा कारखान्याला जे सगळे मोजावे लागते ते सगळे मोजले होते. ज्या चारीविषयी काम होते, तिच्यातून पाणी कुठे जाते, एवढे मात्र मोजलेले नव्हते. एकोणनव्वदाव्या पानावर ‘भरती-ओहोटी आणि खारफुटी यांवरील परिणाम नगण्य’ असे वाक्य होते. समुद्र आमच्यापासून सह्याद्रीच्या पलीकडे आहे, त्यामुळे विधान खोटे म्हणता येणार नाही, पण ते कोकणातल्या कुठल्या अहवालातून इकडे चढून आले असेल याचा अंदाज संचालक मंडळाच्या बैठकीत सर्वांनी आपापल्या परीने केला.

मसुद्याचा कणा म्हणजे एक मोठा तक्ता होता. ही पद्धत जुनी आहे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील ल्यूना लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. एका बाजूला प्रकल्पातील शंभर क्रिया, दुसऱ्या बाजूला परिसराचे अठ्ठ्याऐंशी घटक, आणि प्रत्येक चौकटीत परिणाम किती मोठा व किती महत्त्वाचा याला एक ते दहा गुण. मूळ तक्त्यात ८,८०० चौकटी होतात. आमच्या अहवालात त्या दोनशेच्या आसपास आणल्या होत्या. विसरभोळेपणा टाळण्यासाठी हा तक्ता चांगला आहे, एखादा घटक नजरेतून सुटू नये म्हणून तो आजही वापरावा. अडचण अशी की प्रत्येक चौकट आपल्यापुरती बंद असते. ‘सिंचनाची कार्यक्षमता’ या चौकटीत अधिक आठ, ‘भूजल’ या चौकटीत उणे दोन, ‘रोजगार’ अधिक चार, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करून प्रकल्प एकंदरीत हितकारक. परंतु ते अधिक आठ आणि उणे दोन हे एकाच पाण्याचे दोन हिशेब असू शकतात, पहिल्या चौकटीत आलेले पाणी दुसऱ्या चौकटीतून काढलेले असू शकते, हे सांगण्याची सोय तक्त्यात नाही. शिवाय फायदा एकाच्या वाफ्यात आणि तोटा दुसऱ्याच्या विहिरीत असेल तर बेरीज कोणाच्या वतीने करायची, हा प्रश्न गुण देणाऱ्याला पडतच नाही. या मसुद्यावर मी सेवेला पाचपैकी एक गुण दिला असता आणि तोही बांधणीसाठी.

तरीही ही सेवा वाया गेली नाही, आणि त्याचे कारण एक चूक आहे.

लाभक्षेत्रातील आणि त्याला लागून असलेल्या बेचाळीस विहिरींची पाणीपातळी मोजण्याचे काम करारात होते. जानेवारीत पाट चालू असताना त्यांच्या माणसाने तेवीस विहिरी मोजल्या आणि घरी जाताना मोटारसायकलवरून पडून तो जायबंदी झाला. उरलेल्या एकोणीस विहिरी मोजायला दुसरा माणूस आला तो तीन आठवड्यांनी; तोवर पाट बंद होऊन बरेच दिवस झाले होते. दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात, एकाच शीर्षकाखाली छापल्या गेल्या. त्यात शेजारी शेजारी असलेल्या, मधे चाळीस पावलांचे अंतर असलेल्या दोन भावांच्या विहिरींच्या पातळीत अकरा फुटांचा फरक दिसत होता. दोन्ही विहिरी सहा परस खोल, दोन्ही एकाच मुरमात खोदलेल्या, दोन्हींवर सारखीच मोटार. मसुद्याच्या तळटिपेत ‘मोजणीतील संभाव्य त्रुटी’ असे लिहून त्या दोन्ही विहिरी सरासरीतून वगळल्या होत्या.

मसुद्यावरील चर्चेसाठी आलेल्या चमूत भूजलशास्त्र शिकलेली एक तरुण मुलगी होती. तिने बैठक अर्धवट सोडली आणि मला सोबत घेऊन थेट त्या विहिरींवर आली. मोठा भाऊ बांधावर बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. तिने त्याला तक्ता दाखवला, तो त्याने बाजूला ठेवला आणि म्हणाला, “ताई, यात चूक काहीच नाही. माझी मोजली तव्हा पाट चालू होता, याची मोजली तव्हा बंद होता. पाट बंद झाला का आठ-दहा दिवसांत दोन्ही उतरत्या. आमचा बा म्हणायचा, आपली विहीर पाटाची सून आहे.” तिने ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले, आणि परत येताना गाडीत मला एवढेच विचारले की पुढचे आवर्तन कधी आहे.

त्यानंतरचे काम वेगळ्याच दर्जाचे झाले, आणि या परीक्षणात ज्याची शिफारस मी करणार आहे ते हेच काम. उन्हाळी आवर्तनात बेचाळीसही विहिरी चार वेळा मोजल्या गेल्या : पाट सुटण्याच्या आदल्या दिवशी, बंद होण्याच्या दिवशी, बंद झाल्यावर दहाव्या दिवशी आणि पंचविसाव्या दिवशी. सतरा विहिरी पाटासोबत चढत आणि उतरत होत्या, नऊ विहिरींवर परिणाम सावकाश दिसत होता, बाकीच्यांना पाटाचे काही देणे-घेणे नव्हते. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फारसे धरत नाही. पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि हा थर पातळ असल्याने तो लवकर भरतो व लवकर रिकामा होतो. म्हणून चारीच्या खालच्या अंगाला तीनचारशे मीटरच्या पट्ट्यात हा खेळ चालतो. हे शेतकऱ्याला ठाऊक असते; पण ‘ठाऊक असणे’ आणि कागदावर येणे यांत फरक आहे, कारण निधी देणारा कागद वाचतो.

त्या सतरांपैकी सहा विहिरी लाभक्षेत्राच्या बाहेर, नाल्याच्या काठाने होत्या. त्यांचे मालक संस्थेचे सभासद नाहीत, पाणीपट्टी भरत नाहीत, त्यामुळे अभियंत्याच्या हिशेबात ते नव्हतेच. सातवी विहीर एका वस्तीच्या नळयोजनेची होती. जे पाणी ‘वाया’ म्हणून धरले होते त्याच्यावर एका वस्तीचे पिण्याचे पाणी चालले होते, आणि नलिका पूर्ण टाकल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे टँकर लावावा लागला असता. दोष एकट्या अभियंत्याचा नाही. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये आला, त्याप्रमाणे संस्थेला घनमापनाने पाणी मिळते आणि हिशेब दरवाजाशी सुरू होऊन दरवाजाशी संपतो. मुरलेले पाणी या वहीत खर्चाच्या बाजूला जाते आणि ते कोणाच्या जमेला लागले हे पाहणारी दुसरी वही नसते. आपल्याच जिल्ह्यात ओझर येथे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी वाघाड धरणावर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी नाल्यांवर बंधारे घालून पाट आणि विहिरी यांचा एकत्र विचार केला होता. शेजारच्या गावात जे तीस वर्षांपूर्वी केले गेले ते आम्हाला एका अपघातातून कळावे, याबद्दल संचालक मंडळानेही स्वतःकडे पाहायला हवे.

सल्लागारांमधील दुसरा गुणी माणूस समाजशास्त्राकडून आलेला होता. ‘सामाजिक-परिसंस्थीय व्यवस्था’ असा अवजड शब्द तो वापरत असे. अर्थ साधा आहे की माणसांचे नियम, भांडणे आणि सवयी या पाण्या-मातीपासून वेगळ्या काढून मोजता येत नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी त्याच वर्षी मांडलेली चौकट त्याने भिंतीवर लावली होती. तीत चार भाग आहेत : संसाधनाची व्यवस्था, त्यातून मिळणारी संसाधनाची एकके, वापरणारे लोक आणि कारभाराची पद्धत. आमच्याकडे हे भाग म्हणजे अनुक्रमे चारी आणि खडक, पाण्याचे घनमीटर, तीन गावांतले शेतकरी व मेंढपाळ, आणि संस्थेचे पोटनियम. सुरुवातीला मला हे पुस्तकी वाटले. मग त्याने ऑस्ट्रॉम यांच्याच नेपाळमधील अभ्यासाची गोष्ट सांगितली. तिथे शेतकऱ्यांनी दगडमातीचे बांध घालून चालवलेले पाट अनेकदा सरकारी पक्क्या बांधकामाच्या पाटांपेक्षा बरे चालत होते, कारण कच्चा बांध दरवर्षी दुरुस्त करायला वरच्या शेतकऱ्यांना खालच्यांच्या मजुरीची गरज पडे आणि त्या बदल्यात खालच्यांना पाणी द्यावे लागे. पक्के बांधकाम झाले की ही गरज संपते.

ही गोष्ट ऐकून आमच्या टोकाच्या गावचे संचालक खुर्चीत पुढे सरकले. आमच्या चारीची साफसफाई दरवर्षी दिवाळीनंतर होते आणि तिच्यात निम्म्याहून अधिक माणसे टोकाच्या गावची असतात, कारण गाळ राहिला तर पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. वरच्या गावाने पाण्याच्या पाळीत कुरघोडी केली तर ‘पुढच्या वर्षी खोरे घेऊन तुम्हीच या’ एवढे एकच वाक्य त्यांच्या हातात असते. नलिकेला खोरे लागत नाही. मग वरच्या गावच्या व्हॉल्व्हवर बसलेल्या माणसाला कशाच्या जोरावर थांबवायचे? पहिल्या मसुद्यात साफसफाईची मजुरी वाचणार म्हणून ‘सामाजिक परिणाम’ या रकान्यात अधिक तीन गुण दिले होते.

तिसरा धागा द्राक्षाचा. नलिकेने आणि ठिबकने वाचलेले पाणी वरच्या गावात नव्या बागेकडे जाणार, हे सांगायला सल्लागाराची गरज नाही. पण त्याचा पुढचा दुवा त्यांनी नीट जोडला. रब्बीचा गहू किंवा हरभरा टंचाईच्या वर्षी पेरला नाही तरी चालतो. द्राक्षबाग एकदा उभी केली की बारा-पंधरा वर्षे तिला पाणी द्यावेच लागते, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, जेव्हा पुढच्या हंगामाची काडी तयार होते, तेव्हा सर्वांत टंचाईच्या दिवसांत द्यावे लागते. मागणी अशी घट्ट होत जाते आणि पुरवठा मात्र आपल्या हातात राहात नाही; समन्यायी वाटपाच्या नियमाप्रमाणे गोदावरीवरच्या खालच्या अंगाच्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि २०१५, २०१८ व २०२३ मध्ये ते सोडावे लागले आहे. बागलाणातील मोसम नदीवरच्या फड पद्धतीत टंचाईच्या वर्षी एखादा फड, म्हणजे एकत्र पाणी मिळणारा शेतांचा पट्टा, सर्वांनी मिळून कोरडा ठेवता येत असे आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्याने तोटाही वाटला जात असे. वेल कोरडी ठेवता येत नाही. कॅनडाचे परिसरशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये लवचिकतेविषयी जे मांडले, की स्थिर राहणे वेगळे आणि धक्का पचवणे वेगळे, ते आमच्या भागात चारीशेजारी उभे राहून समजते : चांगल्या वर्षी सर्वांत जास्त उत्पन्न देणारी रचना वाईट वर्षी सर्वांत आधी मोडू शकते.

अहवालाच्या सीमारेषेबद्दल माझी तक्रार शेवटपर्यंत राहिली. प्रकल्पाभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्याला ‘अभ्यासक्षेत्र’ म्हणण्याची या धंद्यात रूढी आहे. वर्तुळ काढायला सोपे असते, परंतु पाणी आणि माणसे वर्तुळात फिरत नाहीत. आमच्या नाल्याचे पाणी कादव्याला आणि कादव्याचे पाणी गोदावरीला नांदूरमधमेश्वरजवळ मिळते. तिथला बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बांधला गेला, त्याच्या पाठीमागे गाळ साचत गेला, बेटे आणि दलदल तयार झाली, पक्षी येऊ लागले, १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि पुढे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. बंधारा बांधणाऱ्यांच्या कुठल्याही तक्त्यात ‘बदके’ ही चौकट नसणार. माणसाच्या बांधकामातून निसर्ग कसा उभा राहतो आणि नंतर तो पाटाच्या सोडपाण्यावर कसा अवलंबून राहतो, याचे याहून जवळचे उदाहरण जिल्ह्यात नाही. आमच्या एका चारीचा त्याच्यावर मोजता येण्याजोगा परिणाम होईल असे मी म्हणत नाही, पण कादवा खोऱ्यातल्या सगळ्याच चाऱ्यांचे पाइप झाले तर काय, हा प्रश्न कोणाच्या तरी अहवालात असायला हवा. प्रत्येक योजना आपापल्या वर्तुळात तपासली की प्रत्येकीचा परिणाम ‘नगण्य’ निघतो. वर्तुळाबाहेर राहिलेले दुसरे म्हणजे पेठ आणि सुरगाण्याकडून छाटणीला व विरळणीला येणारे मजूर. त्यांच्या टोळ्या चारीच्या काठाने पाल ठोकतात, कारण तिथे अंघोळीला आणि कपड्यांना पाणी असते. याविषयी मी तीनदा लेखी विचारले. उत्तर आले की मजूर अभ्यासक्षेत्राचे रहिवासी नाहीत.

दुसरा मसुदा ऑगस्टमध्ये आला तो बासष्ट पानांचा. धूलिकण गेले, खारफुटी गेली. त्याच्या मध्यभागी घडी घातलेला एक मोठा कागद होता, त्यावर पाट, विहीर, बाग, साफसफाई, व्हॉल्व्ह, वस्ती, जनावरांचा घाट अशी नावे आणि त्यांना जोडणारे बाण. कुठल्या बाणाने काय वाढते आणि काय घटते ते अधिक-उणे चिन्हांनी दाखवलेले. हा कागद आम्ही मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात दोन संध्याकाळ लावून ठेवला. पहिल्या संध्याकाळी लोकांनी त्यात चार बाण वाढवले. त्यातला एक एका आजीने सुचवला : चारीकाठची करंजे आणि बाभळी. त्यांच्या सावलीत दुपारी शेळ्या बसतात आणि नलिका टाकताना ती सगळी झाडे तोडली जाणार होती, हे तोवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

शिफारशी मला पटल्या, कारण त्या प्रस्ताव मांडणाऱ्या आम्हालाच गैरसोयीच्या होत्या. मधल्या दोन किलोमीटरच्या टप्प्यात मुरणाऱ्या पाण्याने जमिनी चिबड (पाणी साचून नापीक) झाल्या आहेत, तिथे नलिका जरूर टाकावी. टोकाचा नाल्याजवळचा टप्पा, ज्याच्यावर विहिरी आणि वस्ती अवलंबून आहेत, तो उघडाच ठेवून दुरुस्त करावा. जनावरांसाठी दोन घाट ठेवावेत. संस्थेने वर्षातून दोनदा नाल्यावरचे बंधारे भरून देण्याचा आणि नव्या बागेला मर्यादा घालण्याचा ठराव करावा. आणि उरलेल्या लांबीचा निर्णय आत्ता घेऊच नये; मधला टप्पा झाल्यावर दोन वर्षे विहिरी मोजाव्यात आणि मग ठरवावे. शेवटची शिफारस हीच या अहवालातील सर्वांत शहाणपणाची आहे असे मी मानतो, कारण इतक्या गुंतलेल्या व्यवस्थेत काय होईल हे आधी छातीठोकपणे सांगणारा एकतर भाबडा असतो किंवा बिल लवकर काढायच्या घाईत असतो. निधी देणाऱ्या कंपनीला ती आवडली नाही. त्यांचा निधी ३१ मार्चच्या आत खर्च व्हायला हवा होता आणि नदी-नाल्यांना आर्थिक वर्ष समजत नाही हे त्यांना पटवण्यात आमची दोन महिन्यांची पत्रे गेली. शेवटी मधल्या टप्प्यापुरते पैसे मिळाले. वरच्या गावचे तीन संचालक अजूनही माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता व्यवहाराविषयी. ठरलेली रक्कम साडेचार लाख होती. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, हे दरपत्रकात अगदी बारीक अक्षरांत लिहिले होते आणि आमच्या खजिनदाराने ते पहिल्या बिलाच्या दिवशीच वाचले. विहिरींच्या जादा मोजणीचे पैसे त्यांनी आधी मागितले, मग चूक त्यांचीच होती हे मान्य करून निम्मे सोडले. वागणूक सभ्य, फोन उचलतात, पण तारखा पाळत नाहीत. सर्वांत मोठी तक्रार भाषेची आहे. मूळ अहवाल इंग्रजीत आणि मराठी सारांश नऊ पानांचा, तोही असा की ‘जैविक पर्यावरणावरील प्रतिकूल आघातांचे शमन’ यासारख्या वाक्यांपुढे आमचे संचालक, ज्यांना हवामान खात्याचा अंदाज आणि निर्यातीच्या द्राक्षातील औषध-अंशांचे तक्ते सहज वाचता येतात, तेही थबकले. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जिथे जनसुनावणी होते तिथे स्थानिक भाषेतील सारांश द्यावाच लागतो, पण तो समजला पाहिजे असे कुठे लिहिलेले नसावे. मंदिरात जो कागद लावला तो त्या तरुण मुलीने आमच्यासाठी रात्री बसून मराठीत पुन्हा काढला होता. तो करारात नव्हता आणि बिलातही नव्हता. दुसरी तक्रार कच्च्या नोंदींची. विहिरींच्या पातळ्यांची मूळ फाइल मागितल्यावर ‘ती आमची बौद्धिक मालमत्ता आहे’ असे उत्तर मिळाले. विहिरी आमच्या, पाणी आमचे, पैसे आमचे. मालमत्ता त्यांची कशी झाली, हे विचारणारे पत्र पाठवल्यावर आठ दिवसांत फाइल आली.

ज्या संस्था अशी सेवा घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी माझ्या मते पानांची संख्या आणि प्रयोगशाळेचे नमुने यांवर दर ठरवू नयेत. भेटी किती, त्यांपैकी पाट चालू असताना किती आणि बंद असताना किती, सभासद नसलेल्या किती लोकांशी बोलणार, मसुदा गावासमोर कोण मांडणार आणि कोणत्या भाषेत, हे आधी लिहून घ्यावे. एका हंगामातील तीन महिन्यांची मोजणी आपल्या भागात पुरत नाही; ज्या जिल्ह्यात चार महिन्यांत वर्षाचे पाणी पडते आणि उरलेले आठ महिने ते माणसे आपसांत वाटून घेतात, तिथे निदान एक पावसाळा आणि दोन आवर्तने पाहिल्याशिवाय दिलेला अहवाल स्वीकारू नये. दुसऱ्या मसुद्यासाठी मी पाचपैकी चार गुण देतो, एक गुण मजुरांसाठी राखून ठेवला आहे.

दोन वर्षांच्या विहीर-मोजणीचे लहान काम आम्ही याच सल्लागारांना दिले आहे. नोंदवही मात्र टोकाच्या गावातील बारावी झालेल्या दोन मुली ठेवतात आणि तिची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात राहते. रब्बीच्या पहिल्या आवर्तनाची तारीख कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरेल. ती ठरली की दरवाजा उघडण्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातला सल्लागारांचा माणूस टेप घेऊन पहिल्या विहिरीवर हजर पाहिजे, आणि तो आला नाही तर त्या महिन्याचे बिल मिळणार नाही, ही अट या वेळी आमच्या खजिनदाराने स्वतः, मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.